आधी बॅकअप, मग जेलब्रेक: नाशिकच्या गेम दुरुस्तीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात व्हिडिओ गेम दुरुस्त करणारे आणि ‘जेलब्रेक करून मिळेल’ अशी पाटी लावणारे सर्व दुकानदार,

स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या शहरातल्या माळ्यांवरून जुने कन्सोल खाली उतरतात. सोनीचे हातात धरून खेळायचे पीएसपी, टीव्हीला जोडायचे पीएसटू, क्वचित एखादा व्हिटा. चार्जर सापडत नाही, बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं असतं, तरी भंगारात द्यायला कुणाचं मन होत नाही. मग ते यंत्र एम. जी. रोडवर, मेन रोडच्या बोळात, कॉलेज रोडला, सिडकोत नाहीतर नाशिक रोडला तुमच्या काउंटरवर येतं. ती रीघ लागायच्या आत तुमच्याशी बोलावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. घरी जुने कन्सोल उघडून साफ करणं आणि त्यांच्यावर कस्टम फर्मवेअर (यंत्र चालवणाऱ्या कंपनीच्या मूळ प्रोग्रॅमऐवजी हौशी लोकांनी बदललेला प्रोग्रॅम; यालाच दुकानांत जेलब्रेक म्हणतात) टाकणं हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. सोसायटीतली मुलं, ऑफिसातले सहकारी, नातेवाईक यांचे सेट येतात. त्याचे पैसे मी घेत नाही, त्यामुळे तुमच्या धंद्याशी माझी स्पर्धा नाही. उलट माझ्याकडे वेळ नसतो तेव्हा मी लोकांना तुमच्याकडेच पाठवते, आणि पुढेही पाठवायची इच्छा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या कन्सोलचं फर्मवेअर बदलणं हे चांगलं काम आहे आणि ते तुम्ही करावं. पण त्या यंत्राचा मूळ बॅकअप काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. तो बॅकअप मालकाच्या हातात द्या. काय केलं ते कागदावर लिहून द्या. आणि न मागता चोरीचे गेम भरू नका.

हे काम चांगलं का आहे, हे आधी सांगते, कारण तुमच्यातल्या काहींना वाटतं की आपण काहीतरी लपूनछपून करतोय. तसं समजायचं कारण नाही. पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला आणि २०१४ मध्ये त्याचा पुरवठा संपला. पीएसपीवरून काही विकत घ्यायची उरलीसुरली सोय सोनीने जुलै २०२१ मध्ये बंद केली. (त्याच सुमारास पीएसथ्री आणि व्हिटाचं ऑनलाइन दुकानही बंद होणार होतं. जगभरच्या ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा तो निर्णय मागे घेतला गेला.) यूएमडीच्या, म्हणजे पीएसपीच्या छोट्या गेम-डिस्कच्या, प्लास्टिकच्या खोक्याला तडा जातो, ड्राइव्हची लेन्स दमते. यंत्राचं वाय-फाय जुन्या ८०२.११बी प्रकारचं आहे आणि सुरक्षेसाठी ते फक्त डब्ल्यूईपी आणि डब्ल्यूपीए या जुन्या पद्धती ओळखतं. आज घरी बसवलेला राउटर त्याहून नव्या डब्ल्यूपीए-टूवर चालतो, त्यामुळे पीएसपीला नेटवर्क दिसतं पण जोडणी होत नाही. कंपनी आता यातलं काहीच दुरुस्त करणार नाही. शेवटचं अधिकृत फर्मवेअर ६.६१ हे २०१५ चं, त्यानंतर काही नाही.

कस्टम फर्मवेअर टाकलं की हेच यंत्र पुन्हा उभं राहतं. डब्ल्यूपीए-टूसाठी प्लगिन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, आहे. महागडी मेमरी स्टिक सोडून मायक्रोएसडी कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरता येतं. स्वतःच्या यूएमडीची प्रत काढता येते, म्हणजे ड्राइव्ह मेला तरी गेम मरत नाही. हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालतात, पीडीएफ वाचता येते. पूर्वी शेजारी बसून अ‍ॅड-हॉकवर (दोन यंत्रं थेट वाय-फायने जोडून) खेळणारे दोघे मित्र आज एक नाशिकला आणि एक पुण्याला असले तरी इंटरनेटवरून तोच खेळ खेळू शकतात. हे सगळं जगभरच्या लोकांनी फुकटात, रात्री जागून लिहिलेलं आहे. ते आपल्या शहरातल्या मुलापर्यंत पोहोचतं ते तुमच्या हातून.

यंत्र ज्याने विकत घेतलं त्याचं ते आहे, हेही विसरू नये. पीएसथ्री विकताना सोनीने त्यावर लिनक्स चालवायची सोय दिली होती. त्या सोयीपायी लोकांनी तो घेतला. अमेरिकेच्या हवाई दलाने तर १,७०० हून अधिक पीएसथ्री जोडून एक महासंगणक उभा केला. आणि १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट घ्यावं तर लिनक्स जातं, न घ्यावं तर ऑनलाइन खेळता येत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला एक भाग घरबसल्या काढून नेला गेला. अशा वेळी यंत्राचा ताबा मालकाकडे परत देणारं काम मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणूनच ते काम निष्काळजीपणे झालेलं बघवत नाही.

माझ्या भाच्याकडे पीएसपी-२००० होता. त्याच्या बाबांनी कॉलेजात असताना घेतलेला, नंतर त्याला दिलेला. यूएमडी वाचत होता, वाय-फाय चालत होतं, फक्त मेमरी स्टिक गेली होती. घरच्यांनी तो शहरातल्या एका दुकानात दिला. ‘जेलब्रेक करून देतो, गेम भरून देतो, संध्याकाळी या,’ असं सांगितलं गेलं. संध्याकाळी नेला तेव्हा गेम चालत होते. घरी आल्यावर त्याने स्वतःची यूएमडी घातली, ती वाचेना. वाय-फाय चालू होईना. मी दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार सरळ माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, “ताई, टाकताना सेट डेड झाला होता. माझ्याकडे दुसऱ्या सेटचा बॅकअप होता, तो मारला आणि चालू करून दिला.” याच सेटचा मूळ बॅकअप? तो घेतलाच नव्हता.

काय बिघडलं ते नीट सांगते, कारण हे अनेकांना ठाऊक नसतं. पीएसपीच्या आत माहिती साठवणारी एक नँड फ्लॅश चिप असते, पहिल्या १००० मॉडेलमध्ये ३२ एमबीची, पुढच्या मॉडेलांमध्ये ६४ एमबीची. फर्मवेअर त्यात असतं, सेटिंग असतं, आणि त्याशिवाय ‘आयडीस्टोरेज’ नावाचा एक भाग असतो. त्यात त्या एका यंत्राची स्वतःची माहिती असते: वाय-फायचा मॅक पत्ता, प्रदेश, यूएमडी ड्राइव्हशी बोलायच्या सांकेतिक किल्ल्या. कारखान्यात प्रत्येक सेटसाठी ती वेगळी लिहिली जाते. एका सेटचा पूर्ण नँड डम्प, म्हणजे चिपची हुबेहूब प्रत, दुसऱ्यावर चढवला की पडदा उजळतो, मेनू येतो, मेमरी स्टिकवरचे गेमही चालतात. पण यंत्र आपल्याच यूएमडी ड्राइव्हला ओळखत नाही. आणि मूळ डम्प कुणी ठेवला नसेल तर त्या किल्ल्या पुन्हा मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

वाईट याचं वाटतं की हे टाळता आलं असतं. २००७ मध्ये पँडोरा बॅटरीची युक्ती निघाली. बॅटरीतला अनुक्रमांक बदलला की १००० किंवा सुरुवातीचा २००० पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये उठतो आणि मेमरी स्टिकवरून सुरू होतो. तुमच्यापैकी जुन्या माणसांच्या ड्रॉवरमध्ये अशी बॅटरी असेलच. त्या खास मेमरी स्टिकच्या मेनूत दोन वेगळ्या वाटा असतात: नवं फर्मवेअर बसवणं आणि नँड डम्प परत चढवणं. मेलेल्या सेटवर पहिली वाट घेतली तर आयडीस्टोरेजला धक्का लागत नाही. दुसरी वाट फक्त त्याच सेटच्या डम्पसाठी आहे. आणि डम्प काढण्याचा पर्यायही त्याच मेनूत आहे. काही मिनिटांचं काम. एकट्या त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण शिकवलं नव्हतं म्हणून भाच्याचा ड्राइव्ह काही परत वाचू लागत नाही.

जिथे जिथे नँडला हात लावता तिथे हीच शिस्त हवी. निंटेंडोचे सेट आपल्याकडे कमी, पण त्यांचा वी हा सेट आला तर बूटमी या प्रोग्रॅमने काढलेली ५१२ एमबीची नँडची प्रत आणि सोबतची किल्ल्यांची फाइल आधी कार्डावर घ्या. थ्रीडीएसचंही तसंच. या यंत्रांवरही एकाची प्रत दुसऱ्याला चालत नाही. प्रत काढली की तिच्यावर सेटचा अनुक्रमांक लिहा, एक प्रत मालकाला पेन ड्राइव्हवर किंवा त्याच्याच मेमरी कार्डवर द्या. ‘आमच्याकडे आहे, काळजी करू नका’ हे पुरेसं नाही. दुकानातला कॉम्प्युटर बदलतो, हार्ड डिस्क जाते, दुकानं गाळे बदलतात.

दुसरी गोष्ट सांगण्याबद्दलची. पीएसपीची सगळी मॉडेलं सारखी नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १००० वर आणि सुरुवातीच्या २००० वर कस्टम फर्मवेअर कायमचं बसतं. ३००० वर आणि स्ट्रीट या मॉडेलवर जुन्या पद्धतीने टाकलेलं फर्मवेअर तात्पुरतं असतं. बॅटरी पूर्ण उतरली किंवा काढून घातली की यंत्र मूळ फर्मवेअरवर परत येतं, आणि मेनूतली एक छोटी फाइल पुन्हा चालवावी लागते. बस, एवढंच. पण हे मालकाला सांगितलेलंच नसतं. त्याला वाटतं गेम उडाले. तो पुन्हा दुकानात येतो, पुन्हा पैसे देतो, आणि दुकानातला मुलगा आत नेऊन ती फाइल चालवून आणून देतो. माझ्याकडे अशी कुटुंबं आली आहेत ज्यांनी एकाच कामाचे वारंवार पैसे मोजले. हे योग्य नाही. आता तर इन्फिनिटी नावाच्या प्रोग्रॅममुळे ६.६१ वर सगळ्याच मॉडेलांना कायमचं करता येतं. ते करून द्या. ज्याला तात्पुरतंच हवं आहे त्याला ती फाइल कुठे आहे ते पडद्यावर बोट ठेवून दाखवा.

मेमरी कार्डचंही बघा. बाजारात ६४ जीबी लिहिलेली पण आत त्याच्या पावसुद्धा जागा नसलेली कार्डं खपतात. वरवर सगळं ठीक दिसतं, कार्ड भरत आलं की जुन्या फाइल खराब होतात आणि मुलाचा महिन्याभराचा सेव्ह जातो. कार्ड पूर्ण भरून तपासणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात. विकण्यापूर्वी एकदा चालवा. बॅटरीचीही तीच कथा. १००० च्या मूळ बॅटरीवर १८०० एमएएच लिहिलेलं असे, २००० आणि ३००० च्या पातळ बॅटरीवर १२००. त्याच आकाराच्या बॅटरीवर ३६०० छापलेलं दिसलं की तो आकडा खरा नाही हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. ग्राहकाला कळत नाही. फुगलेली बॅटरी तर सेटमध्ये परत घालून देऊच नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

पीएसटूबद्दल थोडक्यात. फ्री-एमसीबूट (मेमरी कार्डावरून हौशी प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम) टाकलेलं मेमरी कार्ड विकताना सेटचा मॉडेल नंबर बघा. ९०००० मालिकेतल्या नंतरच्या सेटवर ते चालत नाही, आणि ग्राहक घरी जाऊन कार्ड खराब निघालं म्हणून परत येतो. अशा सेटसाठी २०२० मध्ये डीव्हीडी प्लेयरमधल्या त्रुटीचा वेगळा मार्ग निघाला आहे, तो वापरता येतो. ओपन पीएसटू लोडर या डिस्कशिवाय गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर पेन ड्राइव्हने गेम चालवून देता तेव्हा हेही सांगा की पीएसटूचं यूएसबी १.१ प्रकारचं, म्हणजे फार संथ आहे. मधले व्हिडिओ अडखळणार, तो सेटचा दोष नाही. जाड मॉडेल असेल तर हार्ड डिस्क, नाहीतर नेटवर्क केबल हा चांगला उपाय. आणि कृपा करून राइट केलेल्या डिस्क वाचाव्यात म्हणून लेझरचा पॉट (त्याची ताकद ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून देणं थांबवा. महिनाभर सगळं छान चालतं, मग लेझर कायमचा बसतो. तशा लेझरचे सेट घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा माझ्याकडे त्यावर काही इलाज नसतो.

आता गेम भरण्याबद्दल. इथे मी कडक बोलणार आहे.

‘शंभर गेम फ्री’ अशी पाटी तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे. ते गेम तुमचे नाहीत, ग्राहकाचेही नाहीत. गेम बनवणाऱ्याचा हक्क हा एक भाग झाला. दुसरा भाग मुलांचा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तुम्ही जे कार्ड देता त्यात मारधाडीच्या जीटीएपासून सगळं एकाच फोल्डरमध्ये असतं. ज्या गेमच्या खोक्यावर ‘१८ वर्षांवरील’ असं छापलेलं होतं, तो यादीतला आणखी एक गेम बनून जातो. आई-वडिलांना काउंटरवर विचारलं जात नाही, आणि त्यांना त्यातलं काही ओळखू येत नाही. मोठ्या माणसाने स्वतः ठरवून काय खेळावं हा त्याचा प्रश्न. पण दुसऱ्याच्या मुलासाठी हे ठरवायचा अधिकार दुकानाला नाही.

यावर तुम्ही म्हणाल, गेम भरले नाहीत तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. खरं आहे. काउंटरवर पहिला प्रश्न ‘भाऊ, किती गेम टाकणार?’ हाच असतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्या ग्राहकांनाही मी हेच सांगते. पण तुमच्याकडे विकायला याहून चांगलं काम आहे. ग्राहकाच्या घरी पडलेल्या त्याच्या स्वतःच्या डिस्क मागवा आणि त्यांची प्रत काढून द्या. पीएसपीवर कस्टम फर्मवेअर असलं की मेनूत यूएसबीसाठी ‘यूएमडी डिस्क’ निवडता येतं. केबल कॉम्प्युटरला लावली की त्या डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, समोर येते, ती फक्त कॉपी करायची. पीएसटूची डीव्हीडी तर कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हमध्येही वाचली जाते. या कामाचे डिस्कमागे पैसे घ्या, खुशाल घ्या. यात तुमची मेहनत आहे, मालकाची वस्तू वाचते आहे.

आणि या जुन्या डिस्कमध्ये आपलंही काही आहे. २००९ मध्ये पीएसटूसाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम हैदराबादच्या कंपनीने बनवला. पूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याची नोंद होते. कबड्डी आणि विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ आला, गल्लीतलं क्रिकेट घेऊन ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. गेम म्हणून ते फार उत्तम होते असं मी म्हणणार नाही, ‘हनुमान’ तर खेळायला अवघड आणि कंटाळवाणा होता. पण आपल्याकडच्या लोकांनी या यंत्रांसाठी केलेलं ते पहिलंवहिलं काम आहे आणि त्या डिस्क आता कुणी पुन्हा छापत नाही. नाशिकमध्ये कुणाच्या कपाटात त्यातली एखादी असेल. ती तुमच्या काउंटरवर आली तर ओरखडे वाढण्याआधी तिची प्रत निघाली पाहिजे. बुधवारच्या बाजारात रुपयांच्या भावात जाणाऱ्या ढिगात ती जाऊ नये.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. मी वकील नाही, पण कायद्याचं कलम छापील आहे आणि कुणालाही वाचता येतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ६५ए हे कलम आलं. कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप जो कुणी तो हक्क मोडण्याच्या हेतूने तोडतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याच कलमात पुढे म्हटलं आहे की कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी असं काही करायला आडकाठी नाही. आणि त्याला जोडून एक अट आहे, जी थेट तुमच्यासाठी लिहिल्यासारखी आहे: जो माणूस दुसऱ्याला अशा कामात मदत करतो त्याने त्या दुसऱ्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी मदत केली ते कारण, याची पूर्ण नोंद ठेवायची आहे.

म्हणजे रजिस्टर. तुमच्यापैकी एकाच्याही दुकानात मी असं रजिस्टर पाहिलेलं नाही. स्वतःच्या डिस्कचा बॅकअप, वाय-फायचं प्लगिन, हौशी प्रोग्रॅम अशा कारणांसाठी तुम्ही फर्मवेअर बदलून दिलं आणि त्याची नोंद ठेवली, तर कुणी विचारायला आलं तेव्हा दाखवायला तुमच्या हातात कागद असेल. कलम ५२ मध्येही कायदेशीरपणे प्रोग्रॅमची प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवू नये किंवा खराब होऊ नये एवढ्यापुरता बॅकअप काढायची मोकळीक आहे. उलट ‘शंभर गेम फ्री’ची पाटी लावून काम केलं तर हेतू काय होता हे तुमची पाटीच सांगते. शिवाय चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरण्याबद्दल ६३बी हे वेगळं कलम आहे, त्यात किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड लिहिला आहे. त्या ओझ्याखाली तुम्ही स्वतःला आणि तुमच्या ग्राहकाला, दोघांनाही ढकलता.

आमच्या कारखान्यात जॉब कार्डाशिवाय एकही भाग पुढच्या टेबलावर सरकत नाही. तुमच्या काउंटरलाही असं एक पान चालेल. त्यावर मालकाचं नाव-पत्ता, सेटचं मॉडेल, मदरबोर्डचा नंबर, अनुक्रमांक, आला तेव्हा कोणतं फर्मवेअर होतं, काय चालत होतं आणि काय नव्हतं. मग काम कशासाठी करायचं ते मालकाच्या शब्दांत. बॅकअप घेतला का, कुठे ठेवला. कोणतं फर्मवेअर टाकलं, कायमचं की तात्पुरतं. काढलेले मूळ भाग परत दिले का. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला, एक तुम्हाला. आला तेव्हा काय चालत होतं हा रकाना तुमच्याही फायद्याचा आहे. ‘आमचा सेट तर चांगला होता, तुम्हीच बिघडवला’ म्हणणाऱ्या माणसाला मग हुज्जत न घालता कागद दाखवता येतो. पीएसथ्री असेल तर आणखी एक ओळ हवी: बदललेल्या फर्मवेअरवर ऑनलाइन गेलात तर सोनी तुमचं खातं किंवा सेट बंद करू शकते, हे समजावून सांगितलं आहे.

मला माहीत आहे की तुमचं कौतुक क्वचितच होतं. कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. अ‍ॅनालॉग स्टिकचा घासलेला पॅड बदलणं, रिबन केबलचं कनेक्टर न तोडता स्क्रीन काढणं, एका मेलेल्या सेटमधून दुसरा जिवंत करणं हे तुम्ही एकमेकांचं बघून, मोडतोड सोसून शिकलात. ज्या वस्तूला कंपनीने हात वर केले ती तुम्ही भंगारात जाऊ देत नाही. तुमच्यातल्या काहींचे हात इतके सफाईदार आहेत की त्यांच्याकडचं सोल्डरिंग आमच्या लाइनवरही सहज पास होईल. अशा माणसांनी ‘गेम भरून देणारा’ म्हणून ओळखलं जावं, हे मला खटकतं.

कामाचा दर वाढवा. बॅकअप, तपासलेलं कार्ड, नोंद आणि मालकाला दहा मिनिटं बसवून समजावून सांगणं, याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. ज्यांना स्वस्तात शंभर गेम हवे आहेत ते जातील. ज्यांच्या घरात वडिलांचा, मोठ्या भावाचा सेट आहे ते तुम्हाला शोधत येतील, आणि नाशिकमध्ये अशी घरं भरपूर आहेत.

वर लिहिलेल्या जॉब कार्डचा नमुना मराठीत तयार आहे, अर्ध्या पानाचा. ज्यांना हवा त्यांना तो पाठवते; छापून घ्या, त्यावर दुकानाचं नाव टाका, माझं नाव घालायची गरज नाही. नँड डम्प काढायची आणि पँडोराच्या मेनूतल्या त्या दोन वाटांची माहिती कुणाला प्रत्यक्ष बघायची असेल तर माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या दुकानात येईन. माझे काही मेलेले सेट सोबत आणेन, त्यांच्यावर बिनधास्त हात साफ करा. दिवाळीच्या आधी जमवू या, कारण नंतर तुम्हालाही फुरसत नसेल आणि मलाही.

आपली नम्र,
सातपूरची एक ग्राहक आणि हौशी दुरुस्तीवाली